हौसाक्काच्या लुगड्यात बांधलेली वकिली

"वकील! ओ वकील! बाकीचं ऱ्हाऊ द्या, आधी लुगडं सोडा!"

सकाळी साडेदहाची वेळ. बारामतीत कोर्टासमोरच्या माझ्या ऑफिसच्या दारात उभे राहून सणसरचे मल्हारीआबा असे काही ओरडत होते, की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मशीन बंद केलं, रस्त्यावरची रिक्षा थांबली आणि झाडावरचे कावळे उठून थेट इंदापूर तालुक्यात जाऊन बसले. मी अतिशयोक्ती करतो, असं आमच्या घरी बोललं जातं. तसं काही नाही. मी फक्त मोठ्यानं आठवतो. माझ्यासमोर वाटणीच्या दाव्यासाठी आलेल्या एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या, त्यांनी पर्स छातीशी धरली.

"कुणाचं लुगडं, आबा?"

"हौसाचं. तुमच्या कपाटातलं."

शिक्षिका उठून उभ्या राहिल्या.

"मग तिलाच पाठवायचं की," मी म्हणालो. "तिचं लुगडं तुमच्या हातात दिलं तर उद्या माझ्यावरच दावा लावेल ती."

आबा चपला न काढता आत आले, खुर्चीत बसले, डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला... आणि आवाज एकदम खाली आला. "ती कशी यील? सोमवारी गेली न्हवं का ती." मी काही बोलायच्या आत ते पुढं म्हणाले, "म्हस धार देईना, वकील. चार दिस झालं. कास दगडावानी झालीया, कुणाला हात लावू देईना. आन आमी येड्यांनी मातीच्याच दिवशी हौसाची समदी लुगडी कालव्यात सोडून दिली. आता एकच ऱ्हायलंय. तुमच्याकडलं."

या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. त्या दिवशी पुढं काय झालं ते सांगणारच आहे, पण त्याआधी हौसाक्काचं नऊवारी लुगडं माझ्या कपाटात काय करत होतं ते सांगायला हवं, नाहीतर वाचकांचा आणि त्या शिक्षिकाबाईंचा माझ्याविषयी कायमचा गैरसमज होईल.

सात वर्षांपूर्वी मी पिंपळीहून सायकलवर बारामतीत आलो आणि वकिलीची नवी कोरी सनद भिंतीला टांगून बसलो. इथल्या जुन्या वकिलांनी माझ्यासाठी एकही अशील शिल्लक ठेवला नव्हता, म्हणून मी एसटीनं इंदापूरच्या कोर्टात जायचो आणि तिथल्या बाररूमच्या कोपऱ्यात बसून इतरांच्या अशिलांचा चहा प्यायचो. अशातच एका दुपारी माझ्या ऑफिसचं दार भरून एक बाई उभी राहिली. तिची उंची मी आजवर सगळ्यांना साडेसहा फूट सांगत आलोय. आता ती नाही, तर निदान एवढं खरं सांगतो : पावणेसहा. पण खांदे पैलवानाचे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पोटऱ्या उघड्या पडतील असं वर खोचलेलं नऊवारी, एका हातात दुधाचा रिकामा कॅन आणि काखेत हिरव्या लुगड्याचं गाठोडं.

"तुमी वकील?"

"हो."

"नवं हाय का?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं, त्या नजरेपुढं जमलं नाही. "हो."

"बरं झालं. जुनी समदी आमच्या चेअरमनला वळखत्यात."

तिनं गाठोडं टेबलावर सोडलं. आत शाळेचा दाखला, रेशनकार्ड आणि सणसरच्या दूध डेअरीची सभासद असल्याची पावती. तिन्हींवर नाव एकच, बिरा धोंडिबा. "हा बिरा कोण?" मी विचारलं. "मीच," ती म्हणाली, जणू मी खिडकीकडं बोट दाखवून ही खिडकी आहे का असं विचारलं होतं.

एकेकाळी मेंढरं राखणाऱ्या आणि नंतर ऊस लावून स्थिरावलेल्या घरात मुलगा म्हणून ती जन्माला आली. "मी पैल्यापासनं हौसाच हुते," ती सांगायची, "गावाला उशिरा कळलं त्याला मी काय करू?" आई गेली, तिचं वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी बिरानं आईचं लुगडं नेसलं ते कायमचं. हल्ली पेपरात तृतीयपंथी असा शब्द छापून येतो. गावाचे शब्द निराळे होते, ते पुरवणीत छापण्यासारखे नाहीत. आक्काला दोन्हींशी देणंघेणं नव्हतं. आणि गंमत अशी, की गावाला तिचं वावडंही नव्हतं. कुणाच्या बारशाला, कुणाच्या नव्या ट्रॅक्टरला ओवाळायला ती आधी हवी असायची. जाणती माणसं सांगायची, "हौसा, देवीची परडी घे, जोगवा माग, लोक पाया पडतील तुझ्या." ती म्हणायची, "पाया नगा पडू. मला परडी नगं, माझ्याकडं म्हस हाय." तिच्या पाया पडायला तयार असलेलं गाव तिच्याबरोबर दुधाच्या रांगेत उभं राहायला मात्र कां कूं करत होतं.

त्यात मल्हारीआबा डेअरीचे चेअरमन झाले. आबा म्हणजे तिचे सख्खे चुलत भाऊ. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून, लहानपणी दोघांनी एकाच कळपामागं माळ तुडवलेला. पण आबांची मुलगी लग्नाला आलेली, पाहुणे येऊन नको ते विचारत होते, संचालक मंडळातले चारजण कानाशी लागत होते... आबांनी एक नियम काढला : सभासदानं स्वतः येऊन दूध घालायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे हौसाक्कानं खिडकीवर कॅन ठेवला आणि म्हणाली, "दूध घे." आतल्या सेक्रेटरीनं वर न बघता सांगितलं, "सभासद बिरा हाय. बिराला पाठवा." "मीच बिरा." "बिरा आला की घिऊ." तिसऱ्या दिवशी तेच, तिसाव्या दिवशी तेच. ती रांग संपेपर्यंत बाजूला उभी राहायची, मग कॅन उचलून घरी जायची आणि तूप कढवायची. शेजारपाजारच्या बाया म्हणाल्या, आमच्या नंबरावर घाल की. त्याला ती तयार नव्हती.

"लिवून घ्या," ती मला म्हणाली. "त्या खिडकीवर, माझ्या हातानं, माझं दूध. ह्येच पायजे. दुसरं काय बी नगं."

मी लिहून घेतलं. कागद गोळा केले, पण ते बांधायला माझ्याकडं कापड नव्हतं. जुन्या वकिलांच्या कपाटात लाल रुमालात बांधलेली दप्तरं असतात, माझ्याकडं सुतळीसुद्धा उसनी होती. आक्कानं ते ओळखलं. गाठोड्याचं हिरवं लुगडं माझ्याकडं सरकवलं. "ऱ्हाऊ द्या कागदाला. माझं धारेचं जुनं हाय, मला दुसरी हायती." नऊ वारांचं कापड! एका दाव्याला किती लागणार? पुढं त्यात माझी दुसरी केस आली, पाचवी आली, विसावी आली. माझी अख्खी वकिली त्या लुगड्यात बांधली आणि तरी पदर लोंबत होता. त्याला शेणाचा, पेंडीचा, दुधाचा असा काही वास होता, की पावसाळ्यात मी दप्तर घेऊन कोर्टात शिरलो की साक्षीदार सुस्तावायचे आणि समोरचे वकील खिशात हात घालून कडबा शोधायचे.

दावा इंदापूरच्या कोर्टात लावला. मागणी एवढीच, की डेअरीचा सभासद बिरा आणि समोर उभी असलेली हौसाबाई ही एकच व्यक्ती आहे असं कोर्टानं जाहीर करावं आणि डेअरीनं कपड्यांवरून तिचं दूध अडवू नये. डेअरीच्या बाजूला चाळीस वर्षं वकिली केलेले एक रावसाहेब होते. त्यांनी दीड वर्ष याच मुद्द्यावर घालवलं, की डेअरीचं भांडण या कोर्टात चालतच नाही. ते फेटाळलं गेलं तेव्हा म्हणाले, ही व्यक्ती बिरा असल्याचा पुरावा काय? बिरा बेपत्ता असेल, ही कुणी दुसरीच असेल.

आणि दर तारखेला एक तमाशा ठरलेला. कोर्टाचा शिपाई व्हरांड्यात येऊन, मान आभाळाकडं करून हाळी द्यायचा, "बिरा धोंडिबा, हाजिर हो!" आक्का बाकावरून उठायची आणि आत निघायची. शिपाई हात आडवा करायचा. "बाई, तुम्ही नाही. बिरा."

"मीच त्यो."

"थट्टा नको. कोर्ट आहे हे."

"तुमी हाक मारली, मी उठले. आजून कोण उठलंय का बघा इकडंतिकडं."

शिपाई खरोखरच इकडंतिकडं बघायचा. सगळा व्हरांडा हसायचा. आक्का हसायची नाही, पण रागवायचीही नाही. पुढच्या तारखेला त्याच शिपायासाठी लोटकंभर दही घेऊन यायची. दीड वर्षानंतर तो हाळी द्यायचा बिराच्या नावाची आणि बोट दाखवायचा आक्काकडं. कायद्याच्या आधी शिपाई आमच्या बाजूनं झाला होता, पण शिपायाला निकाल देता येत नाही, ही आपल्या न्यायव्यवस्थेची मोठी उणीव आहे.

अशाच एका तारखेहून एसटीनं परतताना तिनं मला ती गोष्ट सांगितली. मी विचारलं होतं, आबांचा आणि तुमचा लहानपणी दोस्ताना होता म्हणता, तो कुठं गेला? ती खिडकीबाहेरचा ऊस बघत होती, एकदम हसायला लागली. शेतकरी वाचकांना सांगायला नको, पण शहरातल्यांसाठी सांगतो : म्हशीला एका हाताची, एका लुगड्याची सवय होते. रोज धार काढणारी बाई माहेरी गेली, की म्हैस दुसऱ्याला पान्हाच सोडत नाही. मग घरातला बाप्या काय करतो? दार लावून घेतो, बायकोचं लुगडं नेसतो, डोक्यावर पदर घेतो आणि चरवी घेऊन म्हशीखाली बसतो. म्हैस हुंगते, समाधान पावते आणि धार देते. आपल्याकडं घरोघर हे झालेलं आहे. बोलत कुणी नाही.

"पारूवयनी पैल्या बाळतपणाला म्हायेरी गेली," आक्का म्हणाली, "आन आबाची म्हस आडली. आबा माझ्याकडं आला रडकुंडीला. त्याला निऱ्या कुठं घालता येत्यात? मी नेसवलं त्याला. तवा मी सोळा-सतरा वर्साची आसंल, पँट घालून हिंडत हुते. मीच त्याला बसायचं कसं, पदर धरायचा कसा, समदं शिकवलं. महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ नेसवायचे. त्यो म्हनायचा, बिरा, तुला कसं रं एवढं येतं? आन हसायचा..." मग एकाएकी तिनं माझा दंड धरला. अजून दुखतो. "वकील, हे कोर्टात बोलायचं न्हाय. घरातली गोष्ट हाय. भाऊ हाय त्यो माझा."

मी तिच्या कॅनवर हात ठेवून शब्द दिला.

आबांच्या साक्षीचा दिवस आला. आबा कपाळावर भंडारा लावून पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली. न्यायाधीश तरुण होते, विदर्भातल्या शहरातले, नुकते बदलून आलेले. मी उलटतपासणीला उठलो आणि माझ्याजवळ विचारण्यासारखं काहीही नव्हतं. "समोरच्या बाईंना ओळखता का?" मी विचारलं. "मी ह्या व्यक्तीला वळखत न्हाय," आबा म्हणाले. रावसाहेबांनी पढवलेलं वाक्य होतं. "त्या तुमच्या शेजारी राहतात ना?" "मी ह्या व्यक्तीला वळखत न्हाय." "लहानपणी बरोबर मेंढरं राखली ना?" "मी ह्या व्यक्तीला..." तिसऱ्या वेळी मी सहज मागं पाहिलं. दोन वर्षांत शिपायाला, रावसाहेबांना, अख्ख्या व्हरांड्याला न वाकलेल्या हौसाक्कानं मान खाली घातली होती.

"आबा, तुमच्या घरी म्हैस आहे?"

"हाय की."

"धार कोण काढतं?"

"मंडळी."

"मंडळी बाळंतपणाला माहेरी गेल्या तेव्हा?"

मागं बांगड्या वाजल्या. "वकील, न्हाय," आक्का हळू आवाजात म्हणाली. मला ते ऐकू आलं नाही, असं मी गेली चार वर्षं सांगत आलोय. ऐकू आलं होतं.

आबांचा घाम भंडाऱ्यातून ओघळायला लागला. पण भंडारा लावून शपथ घेतलेला माणूस, खोटं किती बोलणार? "मीच काढायचो," ते म्हणाले.

"म्हैस देत होती?"

"न्हाय."

"मग?"

"मंडळीचं लुगडं नेसून काढायचो."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "काय नेसून?" आता त्यांना हे समजावून सांगणं आलं. मी सांगितलं, शिपायानं भर घातली, कारकुनानं दुजोरा दिला. कोर्टात बसलेल्या निम्म्या बाप्यांनी माना खाली घातल्या आणि उरलेल्या निम्म्यांनी छताकडं बघितलं. रावसाहेब हरकत घ्यायला ताडकन उठले, तोंड उघडलं... आणि हळूच बसले. त्यांच्याही घरी म्हैस होती.

"लुगडं नेसल्यावर तुम्ही मल्हारीच होता की दुसरे कुणी झालात?" मी विचारलं.

"मीच की. दुसरा कोण हुईन?"

माझं झालं होतं. पण न्यायाधीशांचं कुतूहल संपेना. "नऊवारी नेसता येत होती तुम्हाला?" त्यांनी साधेपणानं विचारलं.

"न्हाय जी."

"मग नेसवली कुणी?"

आबांचा हात आपोआप वर आला आणि बोट सरळ आक्काकडं गेलं. टाइपरायटर थांबला. न्यायाधीशांनी त्या बोटाकडं बघत सावकाश सांगितलं, "घ्या लिहून. साक्षीदाराने वादीकडे बोट दाखविले." ज्या व्यक्तीला आबा ओळखत नव्हते, तिनं पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याला लुगडं नेसवलं, हे त्यांनी भर कोर्टात सांगून टाकलं होतं. रावसाहेबांनी पेनाला टोपण लावलं.

दोन महिन्यांनी निकाल आमच्या बाजूनं लागला. मी हार, पेढे आणि सनईवाला यांची तजवीज करून बसलो होतो. आक्कानं निरोप पाठवला, येऊ नका. दुसऱ्या दिवशी पहाटे ती एकटीच खिडकीवर गेली, कॅन ठेवला, "दूध घे" म्हणाली आणि सेक्रेटरीनं घेतलं. आणि माझ्याशी तिनं बोलणं टाकलं. इंदापूरच्या स्टँडवर समोरासमोर आलो तर माझ्या आरपार बघून म्हणाली, "मी ह्या व्यक्तीला वळखत न्हाय."

ती का चिडली, ते सणसरला गेल्यावर कळलं. आबांना बाहेर तोंड काढणं मुश्कील झालं होतं. चावडीवर बसले तर कुणीतरी विचारायचं, "आबा, आज कुठलं लुगडं, जांभळं का पिवळं?" एके सकाळी त्यांच्या दाराच्या कडीला कुणीतरी फाटकं पातळ बांधून ठेवलं. त्यांनी चेअरमनपद सोडलं. ज्या मुलीच्या लग्नापायी त्यांनी ती खिडकी बंद केली होती, तिची पिंपळीतली जमत आलेली सोयरीक थांबली. माझ्या एका प्रश्नानं एका घराला खिडकी मिळाली होती आणि शेजारच्या घराचं दार लागलं होतं. तेव्हा मात्र मी कुणालाही काही रंगवून सांगत बसलो नाही.

सोयरीक जुळली ती आक्कामुळं. पिंपळी माझंच गाव, त्यामुळं ही हकिकत मला चार साक्षीदारांकडून मिळाली आहे. ती एकटी चालत मुलाच्या घरी गेली, अंगणात उभी राहिली आणि मुलाच्या बापाला म्हणाली, "पाव्हणं, घरात म्हस हाय का?" "आहे." "धार कोण काढतंय?" "मंडळी." "मंडळी म्हायेरी गेल्यावं?" पाहुण्यांच्या मंडळी घरातून खुदकन हसल्या आणि पाहुण्यांनी तिथल्या तिथं लग्नाची तारीख धरायला ब्राह्मण बोलावला. माझी उलटतपासणी चोरून तिनं माझ्यापेक्षा निम्म्या वेळात केस जिंकली.

त्या लग्नात मी मांडवाच्या कडेला चोरासारखा उभा होतो. आबांनी स्वतः आक्काला हाताला धरून नेलं आणि बायकांच्या पंगतीत पारूवहिनींशेजारी बसवलं. जेवणं झाल्यावर ती माझ्यासमोर आली. चौदा महिन्यांनी पहिल्यांदा बोलत होती. "वकील, जेवल्याबिगर जायचं न्हाय." मग म्हणाली, "तुमी इचारलं ते बरं झालं. पर इचारायला नगं हुतं." मी त्यानंतर शेकडो साक्षीदार तपासले. प्रत्येक वेळी उठताना हे वाक्य दप्तराच्या वासाबरोबर नाकात येतं.

पुढची अडीच वर्षं ती महिन्यातून एकदा ऑफिसला यायची, खरवस नाहीतर ताकाची बरणी घेऊन. लुगडं परत घ्या म्हटलं की म्हणायची, "सोडलं तर तुमची वकिली खाली पडंल." लोणी देवकरच्या एका कारखान्यानं साडी नेसून आली म्हणून कामावरून काढलेली, आक्कासारखीच एक पोरगी तिनंच माझ्याकडं आणली. त्या दाव्याच्या प्रत्येक तारखेला आक्का बाकावर येऊन बसायची आणि नव्या शिपायानं हात आडवा केला की त्याच्याकडं नुसतं बघायची. तो दावा अजून चालू आहे. बाकावरची जागा रिकामी आहे.

रविवारी संध्याकाळी तिनं धार काढली, डेअरीला घातली, परत आली आणि छातीत कळ आली म्हणाली. आबांनी जीप केली. इंदापूरच्या दवाखान्यात रात्र काढली आणि सोमवारी उजाडताना ती गेली. आबांनीच अग्नी दिला. दवाखान्याच्या वाटेत तिची तक्रार एवढीच होती, की जीपवाला फार हळू चालवतोय आणि सकाळच्या धारेला उशीर होईल.

...तर त्या सकाळी मी कपाट उघडलं. सात वर्षांचे दावे टेबलावर, खुर्चीवर, फरशीवर मोकळे केले आणि लुगडं सोडलं. शिक्षिकाबाई अजून तिथंच होत्या. सगळं ऐकून त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनीच घडी घालायला मदत केली. कोर्टातली कामं उरकून, दुपार कलल्यावर आबांच्या मोपेडवर मागं बसून, लुगडं पोटाशी धरून मी सणसरला गेलो. म्हशीचं नाव चंद्री. आक्का पहिल्यांदा माझ्याकडं आली तेव्हा ती नुकती व्यायली होती आणि हेच लुगडं हुंगून धारेला रुळली होती. गोठ्यात ती मान वळवून दाराकडं बघत उभी होती.

आबांनी लुगडं हातात घेतलं आणि तसेच उभे राहिले. "वकील, नेसवायचं कुणी?" ते म्हणाले. नेसवणारी तर गेली होती. पारूवहिनी म्हणाल्या, द्या इकडं, मी नेसवते; पण आबा ऐकेनात, ते स्वतःच निऱ्या घालायला लागले. तीन वेळा सुटल्या. मी पदर धरला, तो उलटा निघाला. चौथ्या वेळी जे काही झालं त्याला लुगडं नेसणं म्हणता येणार नाही, गुंडाळणं म्हणता येईल. आबांनी पदर डोक्यावर घेतला, चरवी घेतली आणि चंद्रीखाली बसले. तिनं मान वळवली. पदर हुंगला, खांदा हुंगला, पुन्हा पदर हुंगला. मग एक लांब श्वास सोडला आणि चरवीत पहिली धार वाजली. आबांचं कपाळ तिच्या कुशीला टेकलेलं होतं, खांदे हलत होते. मी बाहेर येऊन उभा राहिलो.

बाहेर आले ते भरलेला कॅन घेऊन. तसेच. डोक्यावर पदर, पोटऱ्या उघड्या, मिशा. मला वाटलं विसरले. मी हाक मारणार होतो, पण ते भर वस्तीतून डेअरीकडं चालायला लागले होते. संध्याकाळच्या दुधाची रांग लागलेली. रांगेतला आवाज एकेक करत बंद पडला. वाकडं बोलणारं एक तोंड उघडलं, बाकीच्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि ते मिटलं. आबा रांगेत शेवटी उभे राहिले, नंबर येईपर्यंत इंच-इंच पुढं सरकले आणि हौसाक्का ठेवायची तिथंच खिडकीवर कॅन ठेवला.

आत तोच जुना सेक्रेटरी होता. त्यानं वर बघितलं आणि बघतच राहिला.

"आबा," तो म्हणाला, "लुगडं तरी सोडून यायचं की हो."

आबा म्हणाले, "दूध घे."